कोरड्या तळ्याचा ताबा

गोकुळा मारबतेला दिवसाढवळ्या स्वप्नं पडतात, हे कुरखेड्याच्या अलीकडच्या त्या गावात कुणाला नव्यानं सांगावं लागत नसे. बाजारात मासळीची टोपली पुढ्यात घेऊन बसली की गिऱ्हाईक दोनदा भाव विचारी, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावी, तेव्हा कुठे ही बाई दचकून भाव सांगे, आणि तोही कधी कधी मागच्या बाजाराचा. "गोकुळा तळ्यात गेली," असं बाकीच्या बायका म्हणत. तळ्यात म्हणजे तंद्रीत. असल्या बाईला अकरा जणींनी आपल्या बचत गटाची अध्यक्ष का केलं, असा प्रश्न एखाद्या शहाण्याला पडेल. उत्तर सोपं आहे. बरफाच्या मशीनचं स्वप्न तिनंच सगळ्यांना पाडलं होतं, आणि ज्याचं स्वप्न त्यानं ते निस्तरावं असं गावाचं मत होतं.

ते स्वप्न असं. उन्हाळ्यात तळं आटत जातं आणि वर्षाची सगळी मासळी पाच-सहा आठवड्यांत हाताशी येते. रोहू, कटला, मरळ, सगळं एकदमच. वर ऊन असं की सकाळी काढलेला मासा दुपारपर्यंत डोळे पांढरे करतो. म्हणून देसाईगंजचा सुरेंद्र नावाचा व्यापारी टेम्पो घेऊन पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभा राही. त्याच्याकडे बरफ असे, आणि ज्याच्याकडे बरफ त्याचाच भाव चाले. बाजारात बसायचं तरी टोपलीतल्या मासळीवर घालायला बरफ त्याच्याचकडून घ्यावा लागे. गोकुळाचं म्हणणं एवढंच होतं की बरफ आपला असला तर मासा थांबेल, आणि मासा थांबला तर आपणही थोडं थांबून, इकडे तिकडे बघून विकू. एका चैत्रातल्या दुपारी जाळं विणता विणता तिचा डोळा लागला आणि तिला दिसलं की अख्खं तळं गोठलंय, गटातल्या बाराही जणी त्यावरून अनवाणी चालत बाजाराला निघाल्यात, पायाखाली मरळ निवांत वर बघतायत आणि कुणाचेही पाय भाजत नाहीत. जागी झाली तेव्हा तिचे तळपाय खरंच गार होते. नवरा इस्तारी म्हणाला, मांजर बसलं होतं तुझ्या पायावर. पण तिनं ते मनावर घेतलं नाही.

मशीन विकत घेणं गटाच्या आवाक्यातलं नव्हतं. मग नागपूरची एक कंपनी पुढे आली. ती मशीन स्वतःच्या नावावर विकत घेणार, गटाला वापरायला देणार, गटानं पाच वर्षं हप्ते भरायचे. कागदावर याला फायनान्स लीज म्हणत. मशीन कोणती आणि कुणाकडून घ्यायची हे मात्र गोकुळानंच ठरवलं. तिनं माहितीपत्रकावर बोट ठेवलं, आणि पैशाच्या कंपनीनं त्या बोटाखालच्या कंपनीला पैसे दिले. अशा दोन कंपन्या झाल्या. बायकांनी त्यांची नावं ठेवली, पैसेवाले आणि मशीनवाले. घोटाळा नको म्हणून आपणही तीच वापरू.

लीज या शब्दाची बायकांना भीती वाटली नाही. त्यांच्या घरात तो शब्द मीठमिरचीसारखा होता. गावातलं तळं सरकारचं, पण मासेमारीला मच्छीमारांच्या संस्थेकडे पाच-पाच वर्षांच्या लीजवर. दर लीजच्या सुरुवातीला साहेब यायचे, ते भर उन्हाळ्यात. तळं तळाशी गेलेलं, चिखलाला भेगा पडलेल्या, त्यात उभं राहून साहेब मोजमाप बघत आणि संस्थेचा अध्यक्ष ताबा पावतीवर सही करी. पाणी नाही, मासा नाही, मासोळीच्या पिल्लाचा पत्ता नाही, आणि ताबा घेतला. पाणी मागाहून येई. लहानपणी गोकुळा बापाचं बोट धरून त्या भेगांवरून चालली होती. बाप कोरड्या मातीकडे बोट दाखवून म्हणे, हे बघ, इथे आपली मरळ. ती खाली वाकून बघे, आणि तिला दिसेही.

एका वर्षी मात्र बापाला ताप भरला. ताबा घ्यायला आठ दिवस उशीर झाला, तेवढ्यात शेजारच्या गावच्या संस्थेनं खटपट केली आणि तळं पाच वर्षं त्यांच्याकडे गेलं. बाप पाळीवर बसून दुसऱ्यांची जाळी बघत राही. त्या पाच वर्षांत तो बोलायचा जवळजवळ थांबला. ताबा आधी, बाकी सगळं नंतर, ही गोष्ट गोकुळा तेव्हा शिकली. हे शिकणं पुढे तिच्या अंगाशी येणार होतं, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक असणार.

मशीन आली ती वैशाखात, भरदुपारी. बाकीच्या जणी तळ्यात नवऱ्यांबरोबर जाळी ओढत होत्या. पाळीखाली बांधलेल्या टिनाच्या शेडमध्ये गोकुळा एकटीच होती. ट्रकातून ती पांढरी, मोठी, गप्प वस्तू उतरली आणि गोकुळाला आपल्या घरात सून आल्यासारखं वाटलं. मशीनवाल्यांचा इंजिनिअर सोबत आला होता, प्रफुल नावाचा, तिशीतला, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं शेडमध्ये चौफेर बघितलं आणि विचारलं, "बाई, थ्री फेजचं मीटर कुठी आहे?"

"येणार आहे. अर्ज केला."

"मंग मी मीटर लागल्यावर येतो. चालवून दाखवतो, मंग कागद करू."

 त्या पांढऱ्या मशीनच्या जागी गोकुळाला भेगाळलेली माती दिसली, आणि पाळीवर बसलेला बाप. मीटर यायला आठ दिवस लागले, पंधरा लागले, तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या गटानं खटपट केली तर?

"ताबा आदी घेतेत, भाऊ," ती म्हणाली. "कागद आहे ना तुमच्याजवळ? द्या."

"अवो, पण चालवली नाई अजून."

"ते मंग पाहू. तुमी कागद द्या मले."

प्रफुलनं दोनदा नाही म्हटलं, असं गोकुळाला पुढे आठवत राहिलं. तिसऱ्यांदा त्यानं पिशवीतून कागद काढला. वर ठळक लिहिलं होतं, ताबा व समाधान पावती. खाली बारीक अक्षरात होतं की मशीन चालवून पाहिली, ठरल्याप्रमाणे आहे, आम्ही समाधानी आहोत. गोकुळाला वाचता येत होतं. चौथी शिकलेली बाई होती ती. पण ताबा हा पहिला शब्द दिसला आणि पुढचे शब्द तिच्या डोळ्यांपुढे पाण्याखाली गेल्यासारखे हलायला लागले. तिनं तारखेसकट सही केली, झोकात.

मीटर लागलं एकोणीस दिवसांनी. प्रफुल आला, खटका ओढला. मशीन घुमू लागली. बाराही जणी हळदकुंकू लावून, पदर खोचून, दिवसभर तिच्यापुढे बसल्या. संध्याकाळी झाकण उघडलं. आत पातळ लापशीसारखं काहीतरी होतं, बोट घातलं की विरघळणारं. माहितीपत्रकात दिवसाला पाचशे किलो लिहिलं होतं. निघाला दीड बादली गारवा. प्रफुल मशीनच्या मागे गेला, पत्रा खोलून बराच वेळ वाकून बघत राहिला, आणि बाहेर आला तेव्हा त्यानं कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. साहेबांना कळवतो, म्हणाला आणि गेला. तो परत आला नाही.

मग फोन सुरू झाले. मशीनवाल्यांच्या ऑफिसातली बाई गोड आवाजात म्हणाली, "बिल तुमच्या नावावर नाही. आम्ही मशीन फायनान्स कंपनीला विकली. आमचा करार त्यांच्याशी आहे. तुम्ही आमच्या कोण?" पैसेवाल्यांचा माणूस तितक्याच गोडीनं म्हणाला, "आम्ही फक्त पैसे घातले, बाई. मशीन तुम्ही निवडली. करार वाचा. मशीन चालो की न चालो, हप्ता चालूच." विकणारा म्हणे तू घेणारी नाहीस, आणि घेणारा म्हणे मला मशीनमधलं काही कळत नाही. मधल्या मध्ये गोकुळा, हातात दीड बादली लापशी घेऊन.

तो उन्हाळा गेला. सुरेंद्रचा टेम्पो नेहमीप्रमाणे पाळीवर उभा राहिला. बायका नेहमीच्याच भावानं मासळी देऊन घरी गेल्या, आणि गोकुळाशी बोलताना त्यांचं बोलणं आखूड होऊ लागलं. रुपाली, गटाची हिशोबनीस, गटातली सगळ्यात धाकटी, ती तर उघड म्हणाली, "काकू, फेकून द्या ते धूड त्यायच्या दारात. हप्ता भरून राह्यलो आपण कायचा?"  दुपारी गोकुळा शेडमध्ये जाऊन मशीनपाशी बसे. खटका ओढला की मशीन घुमे, त्या घुमण्यात तिला गुंगी येई, आणि टिनाच्या भोकातून पडलेले उन्हाचे कवडसे जमिनीवर माशांसारखे सरकत. पाच महिने तिनं अशीच मशीनची सोबत केली. आपल्या आजारी माणसाजवळ बसतात तशी.

सरिता दुर्गे ही गडचिरोलीची वकील. तिच्या आईचं माहेर कुरखेड्याकडचं, म्हणून बायका तिच्याकडे गेल्या. पिंपळाखालच्या तिच्या छोट्या ऑफिसात तिनं करार शेवटच्या पानापर्यंत वाचला. बायकांना चहा आणला आणि म्हणाली, "मशीनचे मालक पैसेवाले. बरोबर. पण यात एक कलम आहे, बघा. मशीनबद्दल विकणाऱ्याकडे जे जे हक्क आहेत, ते सगळे त्यांनी तुम्हाला देऊन टाकलेत. आपल्या डोक्याला ताप नको म्हणून दिलेत, पण दिलेत. आणि कायद्यात असंही आहे की विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जो वस्तू वापरतो, आणि पोटासाठी स्वतः राबून वापरतो, तोही ग्राहकच."

"म्हंजे?" रुखमाबाईंनी विचारलं. रुखमाबाई गटातल्या सगळ्यात थोरल्या, सत्तरीच्या घरातल्या.

उत्तर सरितानं दिलं नाही. गोकुळा खिडकीतून पिंपळाकडे बघत होती, सगळ्यांना वाटलं तळ्यात गेली. तिथूनच ती बोलली. "म्हंजे तळं सरकारचं आहे, बाई. पण तळ्यात कोणी जहर टाकलं, तं आपण सरकारची वाट पाहून राह्यतो का? आपण जहर टाकणाऱ्याचाच हात धरतो. मासा आपला मरते."

सरितानं पेन खाली ठेवलं. "हेच," ती म्हणाली. "मला सांगायला अर्धा तास लागला असता."

रुपालीनं विचारलं, मग मशीन परत देऊन मोकळं होता येईल का. सरितानं मान हलवली. परत देणं एकट्या गटाच्या हातात नव्हतं, ते मालकाला विचारून. पण दुरुस्त करून दे, बदलून दे, नुकसान भरून दे, हे गटाला थेट मशीनवाल्यांकडे मागता येत होतं. "आणि हप्ता थांबवू नका," ती म्हणाली. "थांबलात तर पैसेवाले मशीनच उचलतील. मग भांडायला हातात काय राहील?" मग तिनं तो कागद उचलला, ताबा व समाधान पावती. "अडचण एकच आहे. ही सही. कशी झाली ही?"

सगळ्या बायकांनी गोकुळाकडे बघितलं. गोकुळाला वाटलं आपण चिखलात उभ्या आहोत आणि पाय निघत नाही.

"त्या साहेबानं सही घेतली," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. सरितानं ते आपल्या पद्धतीनं समजून घेतलं, बायकांनी आपल्या. मेल्यानं दडपून सही घेतली, असं बसस्टँडवर पोचेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं. गोकुळानं दुरुस्त केलं नाही. त्या दिवसापासून तिची स्वप्नं बिघडली. तळं गोठलेलं दिसे, पण त्यावर प्रफुल उभा असे, हातात कागद धरून. आता तिला दुपारची झोप नकोशी वाटायला लागली.

सरितानं गडचिरोलीच्या ग्राहक आयोगात मशीनवाल्यांविरुद्ध तक्रार घातली, आणि सुनावणी फाल्गुनात लागली. बस आरमोरीच्या जंगलातून निघाली तेव्हा धुकं अजून उठलं नव्हतं, आणि त्यात पळसाची फुलं अशी दिसत होती की झाड नाहीच, नुसती फुलंच हवेत थांबलीत. बाराही जणी आल्या होत्या. उन्हाळा तोंडावर आला होता, मासळी महिन्याभरात निघायला लागणार होती. या वेळी बरफ नसला तर गट मोडणार, हे कुणी बोललं नव्हतं, पण रुपालीनं गटाचं पासबुक सोबत घेतलं होतं आणि ते सगळ्यांनी बघितलं होतं.

आयोगाच्या व्हरांड्यात सरितानं गोकुळाला शपथपत्र दिलं. "वाचून सही करा, मावशी. दोन पानंच आहेत."

गोकुळा बाकावर बसली. या वेळी तिनं प्रत्येक शब्दावर बोट ठेवलं. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. पुरवठादाराच्या इंजिनिअरने दबाव आणून अर्जदाराची सही घेतली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला प्रफुल उभा होता, वाळलेला दिसत होता, हातातल्या फाईलच्या दोरीशी खेळत होता. आयोगानं त्यालाही बोलावलं होतं. त्यानं गोकुळाला बघितलं आणि सवयीनं नमस्कार केला.

"हे नाई करत मी सही," गोकुळा म्हणाली.

"का?"

"त्यानं दबाव नाई आणला. तो नाईच म्हणे. मीच मांगून घेतला कागद."

सरितानं पेनाला टोपण लावलं. तिला राग आला होता आणि तो यायलाच हवा होता. "मावशी, हे मला सहा महिन्यांपूर्वी सांगायचं होतं," ती म्हणाली. "खोटं शपथपत्र झालं असतं माझ्या हातून. आणि आता हे असं सांगितलंत तर ते म्हणतील, बाईनं राजीखुशीनं समाधान लिहून दिलं."

"म्हणू द्या. पण तो पोरगा तिथी उभा आहे."

सरितानं कागद परत घेतला. तिच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण ती गोकुळाच्या शेजारी बसली आणि त्या दुपारची हकिगत पहिल्यापासून विचारू लागली. गोकुळानं सगळं सांगितलं. ट्रक, शेड, बापाचा ताप, कोरडं तळं. मीटर नव्हतं म्हणून तो थांब म्हणत होता, हेही ओघात आलं.

"मीटर नव्हतं?" सरिता म्हणाली. "मीटर कधी लागलं?"

रुपालीकडे विजेच्या जोडणीचा कागद होता. तारीख बघितली. सहीनंतर एकोणीस दिवस. सरितानं दोन कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले आणि हळूच म्हणाली, "मावशी, खरं तेच सांगा. सगळं. बायकांसमोर सांगावं लागेल पण."

तेच तर गोकुळाला नको होतं. आयोग काय म्हणेल याची तिला तेवढी भीती नव्हती. मागच्या बाकावर बसणाऱ्या अकरा जणींची होती.

आत पंखा सावकाश फिरत होता. मशीनवाल्यांचा वकील आधी बोलला. ही बाई आमची ग्राहक नाही, बिल बघा, असं तो म्हणाला. सरितानं ते कलम वाचून दाखवलं, वापरणाऱ्याचा कायदा सांगितला, बारा बायका स्वतः जाळी ओढतात आणि स्वतः टोपल्या उचलतात हे सांगितलं. वकिलानं मग ती पावती पुढे केली आणि गोकुळाकडे वळला.

"ही सही तुमची?"

"माई."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाई."

"स्वतः मागून केली?"

"हो. मीच मांगली. तो नाई म्हणत होता." मागच्या बाकावर काहीतरी हललं. गोकुळानं मागे बघितलं नाही.

वकिलाला हसू आलं. "म्हणजे तुमचं समाधान झालं होतं."

गोकुळाला वाटलं खोलीत पाणी चढतंय. टेबलांचे पाय बुडाले, फायली तरंगायला लागल्या, पंख्याचा आवाज लांब गेला. एरवी अशा वेळी ती बोलायचं विसरे. आज मात्र पाण्याची तिला भीती वाटली नाही, उलट घरी आल्यासारखं वाटलं.

"ताब्याचं समाधान झालं होतं, साहेब," ती म्हणाली. "बरफाचं नाई."

आयोगाच्या अध्यक्ष बाईंनी मान वर केली. "म्हणजे काय?"

मग गोकुळानं कोरड्या तळ्याची गोष्ट सांगितली. साहेब उन्हाळ्यात येतात, भेगांमध्ये उभं राहून सही होते, पाणी मागून येतं. "आमच्याकडे ताबा असाच घेतेत, मॅडम. ताबा घेतला म्हंजे मासा भेटला असं कोणीच म्हणत नाई. माया बापाले आठ दिवस उशीर झाला तं तळं गेलं. म्हून मी घाई केली. चूक माईच आहे. पण मशीननं बरफ कराचा, हे तं तिनं पहिलेपासूनच कबूल केलं होतं ना. माया सहीनं ते थोडीच मिटते."

 अध्यक्ष बाईंनी प्रफुलला पुढे बोलावलं. "या म्हणतात ते खरं आहे?"

"हो, मॅडम." त्याचा आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला. कदाचित त्याला वाटलं होतं की आपल्याला दडपशाहीच्या आरोपाला उत्तर द्यावं लागेल, आणि तेच पाठ करून आला होता.

"सही झाली त्या वेळी मशीन चालवून दाखवली होती?"

त्यानं एकदा आपल्या वकिलाकडे बघितलं, मग गोकुळाकडे. "वीजच नव्हती, मॅडम."

"आणि वीज आल्यावर?"

"चालली नाही. आतला कॉम्प्रेसर जुना आहे, वरून रंग दिलेला. ठरला होता त्याच्याहून लहानही आहे. मी ऑफिसला दोनदा लिहिलं."

वकील घाईघाईनं उभा राहिला. सरितानं फक्त ते दोन कागद पुढे ठेवले, एकावर सहीची तारीख, दुसऱ्यावर मीटरची. न चालवलेल्या मशीनचं समाधान कुणाला होत नाही, एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली.

निकाल नंतर कळवू, असं सांगून दिवस संपला. परतीच्या बसमध्ये गोकुळा खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामीच राहिली. पळस तेच होते, पण आता उन्हात नुसतेच लाल दिसत होते. देसाईगंजच्या अलीकडे रुपाली पुढे वाकून म्हणाली, "म्हंजे काकू, कागद तुमीच मांगला होता." गोकुळा हो म्हणाली. रुपाली मागे टेकली. रुखमाबाई समोरच्या सीटवर पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. बायका बाजारात बसत, पण गोकुळाच्या टोपलीशेजारची जागा सोडून. इस्तारी, जो वर्षात चार वाक्यं बोलत असेल, त्यानं त्यातलं एक खर्च केलं. "खरं सांगतलं ना? मंग जेव." तिला जेवण जात नव्हतं. स्वप्नंही येईनाशी झाली. दुपारी डोळा लागे, आणि आत काहीच नसे, तळं नाही, बरफ नाही, प्रफुलही नाही.

निकाल चैत्राच्या पहिल्या आठवड्यात आला. सरितानं फोनवर वाचून दाखवला आणि मग कागद पाठवला. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापर करणारा हा गट ग्राहक आहे. विकणारा त्याला थेट जबाबदार आहे. न चालवता घेतलेली समाधानाची सही विकणाऱ्याला वाचवत नाही. तीस दिवसांत कबूल केलेल्या ताकदीची नवी मशीन बसवून, चालवून द्यावी, आणि गेल्या हंगामाचं नुकसान भरावं. पैसेवाल्यांनाही प्रत पाठवली होती. गोकुळानं तो कागद दोनदा वाचला, बोट ठेवून, शेवटच्या शब्दापर्यंत. आनंद झाला, पण तो एकटीनं करायचा कसा हे तिला कळेना. मग ती उठली आणि रुखमाबाईंच्या घरी गेली. सगळ्यात थोरल्या, म्हणून शिव्या घालायच्या तर आधी त्यांनीच घालाव्यात.

रुखमाबाई ओसरीत फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गोकुळानं निकाल सांगितला. म्हातारी ऐकत राहिली. मशीन बदलून मिळणार हे ऐकून तिनं सुई बाजूला ठेवली.

"मले माफ करजा, बाई," गोकुळा म्हणाली. "मी सहा महिने तुमाले खोटं समजू देलं. घाई माई होती. सालभराची मासळी माया घाईनं गेली."

"बस खाली," रुखमाबाई म्हणाल्या.

गोकुळा बसली.

"मशीन याच्या आदल्या बाजारी," म्हातारी म्हणाली, जाळ्याकडे बघत, "मी त्या सुरेंद्रच्या टेम्पोपाशी गेली. चार लोकायसमोर त्याले म्हटलं, आता तुया बरफ तू आपल्याच डोक्श्यावर ठेव, आमची मशीन येऊन राह्यली. चांगली हात नाचवून म्हटलं." तिनं जाळ्याची एक गाठ ओढून बघितली. "मंग सालभर त्याच्याच टेम्पोपाशी बरफ मांगाले गेली. तो दर खेपी इचारे, काऊन वो रुखमाबाई, मशीन झोपली का अजून? दर खेपी. मी मान खाली घालून टोपली पुढे करत होती."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू तं सही तरी मशीन दारात आल्यावर केली, लेकी. मी तिच्याही आदी ताबा घेतला होता. कोणत्या तोंडानं सांगू? त्या दिवशी कोर्टात तू बोलली, तवा मले वाटलं हे माया मनातलंच सांगून राह्यली. बसमदी मागे पाहाची हिंमत नाई झाली. डोये भरले होते." रुखमाबाईंनी आता कुठे वर बघितलं. "तू एकटीच घाईत होती, असं कोणं सांगतलं तुले?"

गोकुळाला रडू आलं. वर्षभराचं होतं, त्यामुळे ते लवकर थांबलं नाही. रुखमाबाईंनी तिला थांबवलंही नाही. थोड्या वेळानं त्यांनी जाळ्याचं दुसरं टोक उचलून तिच्या मांडीवर टाकलं, आणि तिच्यासाठी दुसरी सुई शोधायला आत गेल्या.